नेलपॉलिशच्या खुणेपलीकडे

आरमोरीच्या आमच्या घरात सकाळच्या चहाआधी वाचन व्हायचं आणि ते मी करायचे. बाबांचे डोळे काचबिंदूनं नेले होते. उजव्या डोळ्याला दाराचा उजेड तेवढा कळायचा. त्यापूर्वीची तीस-बत्तीस वर्षं त्यांनी एका लहान छापखान्यात खिळे जुळवण्यात आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहिण्यात घालवली होती. वनजमिनीच्या दाव्यांची, तेंदूपत्त्याच्या मजुरीची, दारूच्या भट्ट्यांची. मी अक्षरं शिकले ती उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर, आणि घरात नाव ठेवायची वेळ आली तेव्हा माझं नाव काय असणार हे कुणी विचारलंही नसेल. क्रांती. शाळेत पोरं हसायची, मला मात्र ते नाव अंगावर गणवेशासारखं चढवून फिरायला आवडायचं. चौदाव्या वर्षी पहिलं पत्रक लिहिलं, विसाव्या वर्षी पहिली पुस्तिका निघाली. बाबांचे डोळे गेल्यावर पेपर, परिपत्रकं, माझं स्वतःचं लिखाण, सगळं मीच त्यांना वाचून दाखवायचे. एखादं वाक्य लंगडं असलं की ते मान वर करायचे आणि म्हणायचे, "परत वाच." त्या दोन शब्दांसाठी मी रात्रभर वाक्यं घासत असे. त्या घरात माझी जागा कोणती, असं कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, बाबांच्या खुर्चीशेजारचं स्टूल.

आईची जागा आत, चुलीपाशी. गॅस होता, पण लाखोळीच्या डाळीचे वडे आणि वास्त्याची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी तिला चुलीवरच करायची असे. ती फुंकणी फुंकताना मध्येच एखादी ओळ गुणगुणायची आणि कुणी ऐकतंय असं वाटलं की थांबायची. लग्नाआधी ती झाडीपट्टीच्या नाटकांत गायची. धान निघालं की आमच्या भागात गावोगाव मंडप पडतात, नाटक कंपन्या फिरतात, आणि त्या काळी त्यातल्या एका कंपनीचा आवाज हमीदभाऊ सांभाळायचे. बाजार ओळीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बाबा मध्यंतरात पत्रकं वाटायला जायचे, तिथेच त्यांनी आईला ऐकलं. याहून जास्त मला कुणी कधी सांगितलं नाही. हमीदभाऊंनी तिच्या गाण्याच्या काही कॅसेटी भरून ठेवल्या होत्या, एवढंच मला माहीत होतं, आणि त्या त्यांच्याच दुकानात कुठेतरी धूळ खात होत्या.

मग शाहीन आली. हमीदभाऊंची मुलगी, माझ्याच वयाची. शाळेत आम्ही एका वर्गात होतो, पण मी भाषणं करायचे आणि ती शेवटच्या बाकावर बसून कुणाचं तरी घड्याळ उघडायची, त्यामुळे आमची गाठ पडली नव्हती. हमीदभाऊंचे हात थरथरायला लागल्यापासून दुकान तीच बघत होती. हिवाळ्यातल्या एका सकाळी मी संपादकीयाच्या अर्ध्यात असताना ती तांदळाच्या कट्ट्यात, म्हणजे रिकाम्या पोत्यात, काहीतरी जड गुंडाळून दारात उभी राहिली. आत नाटक कंपनीचा जुना ॲम्प्लिफायर होता, व्हॉल्व्हचा. म्हणजे आत चिपा वगैरे काही नाही, डब्यावर काचेच्या उभ्या नळ्या, वीज दिली की त्यांच्या पोटातली तार हळूहळू लाल होते आणि त्या तापल्यावरच आवाज येतो. तो तिनं सहा महिने खपून घरात वाजवण्याजोगा केला होता.

"काकाजी, हात नका लावू, चटका बसन," ती म्हणाली. "अन् थोडं थांबा. हा लगेच बोलत नाई. म्हातारा आहे."

"म्हणजे माह्यासारखाच," बाबा म्हणाले, आणि हसले. मी संपादकीय हातात धरून उभी होते.

तिनं पिशवीतून टेप आणि स्पीकर काढून जोडले आणि एक कॅसेट लावली. आधी मंडपातली गर्दी ऐकू आली, कुणाचं तरी खोकणं, पेटीचा सूर, आणि मग एका मुलीचा आवाज. बाबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा चेहरा मी हजारदा पाहिला होता, पण तो असा मोकळा पडलेला कधी पाहिला नव्हता. माझं एकही वाक्य त्यांनी असं ऐकलं नव्हतं. आई आतून डोकावली, ओल्या हातांनी पदर सावरत.

"कोण गाऊन राह्यलं?"

"तूच ना वं," बाबा म्हणाले.

"मी नाई. ती दुसरी पोट्टी होती," आई म्हणाली. "अन् मले ऐकाचं असन तर मी इथी बसली आहो. डब्ब्याले कायले विचारता?"

शाहीन खो खो हसली. बाबाही हसले. त्या दिवशी उरलेलं संपादकीय वाचायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशीही. "आज राहू दे पेपर," हे वाक्य मी त्या महिन्यात किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही, कारण मोजलं असतं तर रडू आलं असतं. शाहीन सकाळी दुकान उघडण्यापूर्वी यायची, सोबत एक व्हॉल्व्ह किंवा एक तार घेऊन, काहीतरी बदलायची आणि दोघं ऐकत बसायचे. "आता पेटी मागं गेली," ती म्हणायची. "हो, अन् तबला जरा डावीकडं," बाबा म्हणायचे. एकच स्पीकर होता. त्याला डावं-उजवं कुठून असणार, हे मी ठणकावून सांगितलं, तेव्हा दोघंही माझ्याकडे असे वळले की जणू लहान मुलानं पाहुण्यांत बडबड केली.

आज हे लिहिताना त्या भावनेला सरळ नाव देता येतं. तेव्हा मी तिला तत्त्व म्हणत होते. मी बाबांना सांगितलं की हे सगळं स्मरणरंजन आहे, आणि स्मरणरंजन माणसाला लढ्यातून बाहेर काढतं. ते म्हणाले, "असन." मग मी दुसरा मुद्दा काढला, आणि तो खरा होता. जुन्या डब्यावरच्या नळ्या उघड्या, तापलेल्या, पत्र्याला हात लागला की कधीतरी झिणझिण्या येतात, आणि घरात न दिसणारा माणूस. शाहीननं दुसऱ्याच दिवशी वर जाळी बसवली, अर्थिंग घातली, आणि मुद्दा संपवला. तेव्हा मी माझ्या पुस्तिकेचं मानधन काढलं आणि पुण्याकडच्या दोन तरुणांनी हातानं बनवलेला नवा व्हॉल्व्हचाच ॲम्प्लिफायर मागवला. तोही काचेच्या नळ्यांचा, पण आजच्या सुट्या भागांचा. वर सागवानी चौकट, पुढे जाळी, व्होल्टेज खालीवर झालं तर आपोआप बंद होणारा. संध्याकाळी मोटारपंप सुरू झाले की आमच्याकडचे दिवे पिवळे पडतात, तेव्हा ही गोष्ट लहान नव्हती.

शाहीननं तो उघडून पाहिला. मला वाटलं होतं ती नावं ठेवेल.

"मस्त बनवला," ती म्हणाली. "हातानं जोडला पोट्ट्यांनी. याचा ट्रान्सफॉर्मर पाह्य, केवढा आहे." आणि मग, जराशानं, "आवाज थोडा साफ येईन. जास्तच साफ."

तिचं ते कौतुक मला निंदेपेक्षा जास्त झोंबलं. माणूस मत्सर करत असताना समोरच्यानं मोठ्या मनानं वागणं हा सर्वांत वाईट प्रकार असतो. आणि खरं सांगायचं तर, मी दोन्ही लावून पाहिले, घरी कुणी नसताना, तीन-तीनदा. मला फरक कळला नाही. तसूभरही नाही. ज्या नव्यासाठी मी भांडत होते तो जुन्यापासून मला ओळखताच येत नव्हता.

गोष्ट वाढली ती पत्रकामुळे. शाहीनचा मोठा भाऊ नागपूरला होता. त्याचं म्हणणं, रेडिओ आता कोण दुरुस्त करतं, दुकानात मोबाईलची कव्हरं लावा. शाहीननं त्याच्याकडून होळीपर्यंतची मुदत मागून घेतली होती. गावोगावच्या नाटकवाल्यांच्या, भजनी मंडळांच्या माळ्यांवर जुने व्हॉल्व्हचे सेट पडलेले आहेत, ते घरात वाजतील असे करून द्यायचे, हे तिचं गणित होतं. पण लोकांना कळणार कसं? एका सकाळी तिनं बाबांना विचारलं.

"काकाजी, एक पत्रक सांगान का? मी लिहून घेतो."

बाबांनी आयुष्यात कधी जाहिरात लिहिली नव्हती. निवडणुकीतल्या उमेदवारांना, कापडवाल्यांना, एका दवाखान्याला, सगळ्यांना त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. मी निश्चिंत होते. पण बाबा म्हणाले, "खरं असन तर ते पत्रक. नाईतर जाहिरात. दोन्ही डब्बे ऐकतो. जुनाच चांगला वाटला तर सांगीन, माह्या नावानं."

माझ्यासाठी त्यांनी कधी एक ओळ स्वतः रचली नव्हती. माझं ते फक्त तपासायचे.

ऐकण्याचा दिवस रविवार ठरला. शाहीननं आदल्या दिवशीच एक लहान खटका बनवून आणला, इकडे दाबला की स्पीकर जुन्याला जोडला जातो, तिकडे दाबला की नव्याला. मग मोबाईलवर आवाज मोजत तिनं दोघांचा आवाज तंतोतंत सारखा केला आणि आवाजाच्या दोन्ही बटणांवर लाल नेलपॉलिशनं बारीक खूण केली.

"याच्यापुढं न्यायचं नाई," ती मला म्हणाली. "कान लालची असतात. जरासा मोठा आवाज आला का म्हणतात, हाच चांगला. मोठा आहे हे कळतही नाई, चांगला वाटते फक्त."

रविवारी प्रश्न आला, खटका कुणी दाबायचा? शाहीन म्हणाली, मी नको, माझा जीव आहे त्यात. आई म्हणाली, माझे हात पिठाचे आहेत. बाबा म्हणाले, "क्रांती दाबन. तिच्याकडून इकडचं तिकडं होत नाई." कॉलेजातल्या निवडणुकीत मी स्वतःच्याच गटाची बोगस मतं बाहेर काढली होती, हे त्यांनी कितीतरी जणांना सांगितलं होतं. शाहीन बाबांशेजारी बसली, माझ्या स्टुलावर, यंत्रांकडे पाठ करून. बाबांना पाठ करायची गरज नव्हती.

मी "एक" म्हणून जुना लावला. "दोन" म्हणून नवा. आणि दोन म्हणताना माझ्या बोटांनी नव्याचं बटण खुणेच्या पुढे नेलं. ठरवलं नव्हतं, असं लिहायचा मोह होतो. ठरवलं होतं. आदल्या दिवशीच, शाहीन लालची कानांबद्दल बोलत असतानाच. बटणाभोवती कोरलेल्या रेघांवर दोन काटे पुढे, बस. दृष्टी गेलेला माझा बाप हाताच्या अंतरावर बसला होता आणि मी त्याच्यासमोर, दिवसाढवळ्या, बटण फिरवत होते.

"परत लाव," बाबा म्हणाले. मी लावलं. शाहीनचा खांदा किंचित हलला, मान वळली नाही. तिसऱ्यांदा लावल्यावर बाबांनी हात वर केला.

"दोन. दोनमध्ये तिचा श्वास ऐकू येते. ओळ सुरू व्हायच्या आधीचा."

"दोन नवा आहे, बाबा," मी म्हणाले.

बाबा शाहीनच्या बाजूला वळले. "पोरी, मले खोटं सांगता येत नाई."

"मी कुठी म्हणून राह्यली, सांगा म्हणून," ती म्हणाली. ती उठली, जुन्याच्या तारा काढल्या, तो कट्ट्यात गुंडाळला. मग नव्यापाशी आली. बटण अजून खुणेच्या पुढेच होतं, मी मागे घ्यायला विसरले होते. तिनं ते पाहिलं. एका बोटानं मागे आणून नेमकं लाल रेघेवर ठेवलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि कट्टा उचलून निघाली. आई दारात वड्यांची ताटली घेऊन उभी होती. "खाऊन जा वं." "नंतर, काकूजी," ती म्हणाली.

जिंकल्यावर काय होतं ते मला तेव्हा कळलं. सकाळी चहाआधी मी पेपर घेऊन स्टुलावर बसले. बाबांनी ऐकून घेतलं, सौजन्यानं, जसं पाहुण्याचं ऐकतात. एकदाही "परत वाच" म्हणाले नाहीत. दुपारी ते नव्यावर कॅसेट लावायला सांगायचे, थोडं ऐकायचे आणि बंद करायला सांगायचे. "पुरे," म्हणायचे. शाहीन आली नाही. आठव्या दिवशी मी बाजार ओळीतून गेले तर एक माणूस शिडीवर चढून तिच्या दुकानाच्या पाटीवरची रेडिओ दुरुस्तीची अक्षरं पांढऱ्या रंगानं पुसत होता. होळी अजून लांब होती. हमीदभाऊ खाली खुर्चीत बसून वर बघत होते, हात मांडीखाली दाबून.

घरी आले. बाबा ओसरीत उन्हात बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं.

"बाबा, त्या दिवशी मी नव्याचा आवाज वाढवला होता."

"किती?"

"दोन काटे."

त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "म्हणून. म्हणून दुसऱ्या दिवसापासून तुह्या आईचा श्वास ऐकू येत नव्हता." त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. "मले वाटलं, आता कान बी चालले. आठ दिवस कोणाले सांगतलं नाई."

मी मत्सराचा हिशेब मांडताना शाहीनचं दुकान धरलं होतं, माझं तत्त्व धरलं होतं, ही गोष्ट माझ्या मनात आलीच नव्हती. न दिसणारा माणूस आठ दिवस एकटा बसून आपले कान जाताहेत असं समजत होता, आणि मी त्याच्या शेजारी अग्रलेख वाचत होते. मी खाली बसले. त्यांनी डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही.

"शाहीनले कळलं होतं?"

"हो."

"अन् बोलली नाई."

"नाई."

"शहाणी पोट्टी आहे," बाबा म्हणाले. माझ्या कबुलीतसुद्धा कौतुक तिचंच झालं, आणि त्या क्षणी, खाली मान घालून बसलेली असतानाही, मला ते टोचलं. हेही लिहायलाच हवं.

मग ते म्हणाले, "तिले बोलाव. पुन्हा ऐकतो. अन् पत्रक तू लिही. माह्या नावानं नाई, तुह्या."

शाहीनला बोलवायला मी गेले तेव्हा ती एका पंख्याच्या मोटारीवर नवी तार गुंडाळत होती. तिनं मला बसायला सांगितलं नाही. मी विचारलं, "त्या दिवशी बोलली काऊन नाई?"

"तुह्या घरात, तुह्या बापासमोर?" ती तार ओढत म्हणाली. "अन् मले वाटलं, सांजेपर्यंत तूच सांगशील. आठ दिवस लावले तू. पाटी रंगवून झाली माही."

दुसऱ्यांदा ऐकताना खटका आईनं दाबला, हात धुऊन. बाबांनी आईच्या कॅसेटीला जुना निवडला, कारण त्यात मंडप पुरा उभा राहतो, आणि रेडिओला, बातम्यांना, रोजच्या वापराला नवा, कारण तो शब्द खात नाही आणि वीज कमी झाली तर स्वतःला सांभाळतो. ज्याच्याकडे जुना आहे त्यानं तो भंगारात देऊ नये, ज्याच्याकडे नाही त्यानं हौसेखातर शोधत फिरू नये, नवा घ्यावा. असा सरळ निकाल. मला तेव्हाही फरक कळला नाही.

मी दोन दिवस पत्रकावर बसले. जाहिरात लिहिणं पाप, असं मी कधीकाळी छापून वाटलं होतं. त्यामुळे मी ती पापाच्या कबुलीनंच सुरू केली. पहिल्या सात ओळींत मी काय केलं, कुणाशी केलं, बटण किती फिरवलं, सगळं लिहिलं. मग दुकानाचा पत्ता, काम काय, जुना कुणी ठेवावा, नवा कुणी घ्यावा. माझ्या आयुष्यातलं सर्वांत प्रामाणिक पत्रक, असं मला वाटलं. शाहीननं ते काउंटरवर ठेवून वाचलं, ओठ हलवत.

"हे काय लिहिलं वं?"

"जे झालं ते."

"लोकं डब्बा दुरुस्त कराले येतीन, का तुह्यं पाप वाचाले?" तिनं कानामागची पेन्सिल काढली आणि वरच्या सात ओळींवर आडव्या रेघा मारल्या. "काकाजींनी सांगतलं होतं का, हे टाक म्हणून?"

"नाई."

"मंग. पत्रक माहं आहे ना? तुह्यं तू दुसरीकडं लिही."

पत्रक तसंच निघालं. मंगळवारच्या बाजारात मी ते स्वतः वाटलं. दोन महिन्यांत आसपासच्या गावांतून पाच-सहा जुने सेट बैलबंडीतून, ऑटोतून तिच्या दारात आले. भावानं कव्हरांची गोष्ट काढणं सोडलं. बाबा आता बाजाराच्या दिवशी तिच्याकडे जातात, जुना तिथेच आहे, आणि दोघं पेटी मागे गेली की पुढे यावर वाद घालतात. मी त्यांना दुकानापर्यंत सोडते आणि बाहेरूनच वळते. आत बोलावतात, पण मी जात नाही. ते किती वेळ बसतील, ते घरी आल्यावर काय सांगतील, याचा विचार करत मी परतते, आणि तो विचार अजून पुरता स्वच्छ नसतो.

तिनं खोडलेल्या सात ओळींचा कागद तेव्हापासून माझ्याकडे होता. दुसरीकडे लिही, असं तिनं सांगितलं होतं. हे लिहायला इतकी वर्षं लागली, आणि ते सात ओळींत मावलं नाही.